कपाळाला लावलेली माती

सरू,
मी बरा आहे, हे आधी वाच आणि आयेला सांग. पाड्यावर रेंज नाही म्हणून लिहितो.

मोरिवलीत शिशाची जुनी भट्टी होती, तिथली विषारी माती आम्ही काढतोय. पहिल्या दिवशी सवयीने, नांगर धरताना लावतो तशी, चिमूटभर कपाळाला लावली. सुपरवायझर धावत आला, मला तोंड धुवायला लावलं. सगळे हसले, मी पण हसलो.

मीना रांगायला लागली का? माझं रक्त तपासलंय, रिपोर्ट येईपर्यंत घरी येत नाही. ती लगेच अंगाला बिलगेल.

खड्डा भरायला आज चांगली माती आली. ड्रायव्हर म्हणाला, बारवीकडची, म्हणजे आपल्याच भागातली. मी हातमोजा काढून कपाळाला लावली. कोणी ओरडलं नाही. तोंड मात्र इथल्या नियमाने परत धुवावं लागलं.

तुझाच,
बारकू