नेरिडाची लिंबगंधी झाडे

गेल्या महिन्यात मी इस्पितळात असताना माझा पुतण्या रसेल याने माझ्या निलगिरीच्या रानात मोजणीवाला आणून उभा केला. त्याला तिथे गहू पेरायचा आहे. म्हणून मी, एडना ट्रेलोर, वय ८१, रसायनशास्त्राची पदवीधर, राहणार वेडरबर्नजवळ, पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहीत आहे. आधीची सर्व रद्द.

१. घर, रान, बॉयलर आणि तेल काढायची मोठी टाकी माझी एकुलती मुलगी नेरिडा हिला. हे रान जमिनीलगत कापले तरी बुंध्यातून पुन्हा फुटते. नांगर घातला की संपते. नांगर घालू नये.

२. रसेलला त्याच्या काकांचा कोट. त्यावरचे डांबराचे डाग निलगिरीच्या तेलाने निघतात. तेल त्याने विकत घ्यावे.

३. टाकीबद्दल. आमचे तेल छाती भरल्यावर वाफ घ्यायला जाते. त्यात सिनिओल, म्हणजे निलगिरीतले औषधी द्रव्य, ऐंशी टक्क्यांच्या वर लागते, दुसरा वास चालत नाही. नेरिडाने अत्तरवाल्यांसाठी लिंबगंधी निलगिरी लावली, तिचा पाला याच टाकीत उकळला आणि टाकी नीट साफ न करता आमचा पाला भरला. तेलाला लिंबाचा वास लागला आणि विकलेली सगळी पिंपे परत आली.

"आई, वाफ मारली होती गं टाकीला!"

"अर्धवट मारलीस. तुझं सगळंच अर्धवट."

त्याच संध्याकाळी ती ब्रिस्बेनला निघून गेली. अकरा वर्षे झाली. टाकीबाबत माझे मत बदललेले नाही.

४. जन्म या वाफेत गेल्यामुळे आमच्या तेलाचा वास मला येईनासा झाला आहे. लिंबगंधी झाडांचा मात्र येतो. वारा त्या बाजूने आला की हातातले काम तसेच राहते. ती झाडे कोणीही तोडू नयेत.

५. मी जिवंत असेपर्यंत हे मृत्युपत्र नेरिडाला दाखवू नये. इस्टेटीसाठी आलेली मला नको. ती यावी, एवढेच हवे आहे.

शेजारीण फे पास्को म्हणाली, "एवढे कागद काळे करण्यापेक्षा फोन कर की, बये!"

"ती हॅलो म्हणायच्या आत मी तिची चूक काढीन."

"मग काढ चूक! पण फोन कर."

फे साक्षीदार असल्याने तिला काही ठेवता येत नाही. माझी शिडी तिने आधीच ठेवून घेतली आहे.

सही: एडना ट्रेलोर
साक्षीदार: फे पास्को, डॉ. नॉर्मन किट
वेडरबर्न, व्हिक्टोरिया, १४ ऑगस्ट २००९

हस्तांतराची नोंद: फे शनिवारी ब्रिस्बेनला लेकीकडे जात आहे. नेरिडाच्या हातात देण्यासाठी तिच्याकडे आज सोपवले: लिंबगंधी निलगिरीच्या तेलाची बाटली, एक. पाला नेरिडाच्या झाडांचा. तेल मी स्वतः काढले, वेगळ्या लहान भट्टीत. सोबत चिठ्ठी नाही. बाटलीवरचा मजकूर: प्रत उत्तम. तपासले, आई.