नॉयमान, न्यूमन आणि कोंबड्यांची भाषा

लिंडनटाल, बरोसा खोरे, दक्षिण ऑस्ट्रेलिया
फेब्रुवारी १९८७, रविवार, चर्चहून आल्यावर

चि. मर्व्हिन न्यूमन यास,

ओटिली नॉयमान हिचे अनेक आशीर्वाद. ('चि.' लिहावं की नाही, या विचारात आज पास्टरांचं अख्खं प्रवचन गेलं. तू माझ्याहून दोन वर्षांनी लहान, तेव्हा आशीर्वादाचा हक्क माझाच. पण तुला पणती झाल्याचं आणि वरची कवळी बसवल्याचं कानावर आहे. असो. चिरंजीव तर चिरंजीव.) तू, डल्सी आणि मुलंबाळं खुशाल असाल अशी आशा करते. गेल्या हिवाळ्यात तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी विचारपूस केली नाही, कारण आपलं बोलणं नाही. आता लिहायला बसलेच आहे तर विचारून ठेवते: गुडघा कसा आहे? जिना चढताना वाजतो का? माझा वाजतो. बाकी माझी प्रकृती ठणठणीत आहे. झोप लागत नाही, पण ती आजारपणामुळे नव्हे, शेजारच्या एल्मा क्लेमिगमुळे. ते पुढे येईलच.

आधीच स्पष्ट करते की हे पत्र केवळ माहितीसाठी आहे. याचा अर्थ समेट असा घेऊ नये. माझे गुस्ताव आजोबा आणि तुझे ऑगस्ट आजोबा या दोन सख्ख्या भावांनी पहिल्या महायुद्धात जे बोलणं टाकलं, ते मी टपालाच्या एका तिकिटाच्या जोरावर परत सुरू करीन असं तुला वाटत असेल तर तू मला ओळखलं नाहीस. (ओळखणार कुठून? मला तू शेवटचं पाहिलंस तेव्हा मला वेण्या होत्या.) तुमच्या घरी ती हकीकत कशी सांगतात देव जाणे. आमच्याकडे अशी सांगतात: लढाई पेटली, जर्मन आडनाव म्हटलं की लोक रस्ता ओलांडून पलीकडे जायला लागले, तेव्हा तुझ्या आजोबांनी रेल्वेतली नोकरी टिकावी म्हणून नॉयमानचं न्यूमन करून टाकलं. माझ्या आजोबांनी साफ नकार दिला, आणि सरकारने त्यांना उचलून बेटावरच्या छावणीत तंबूत ठेवलं. सुटून आले ते खोकला घेऊनच. भाऊ भेटायला आला तर दारातच म्हणाले, "आज नाव बदललंस, उद्या बाप बदलशील. चालता हो." ऑगस्ट आजोबा मुलानातवंडांसकट चालते झाले ते थेट ॲडलेडला. तिथे तुमचा वंश दुधीच्या वेलासारखा फोफावला. चाळीस-बेचाळीस न्यूमन आहात म्हणे. इथे खोऱ्यात नॉयमान उरली आहे एक. ती मी.

बहिणींनी लग्नं केली आणि बघता बघता दुसऱ्यांच्या झाल्या. मलाही एक स्थळ आलं होतं. मुलगा चांगला होता, द्राक्षमळाही होता, पण त्याचं आडनाव लावावं लागलं असतं. मी नाही म्हटलं. गुस्ताव आजोबा ज्या नावापायी तंबूत कुडकुडले, ते मी मळ्यापायी टाकू? (मळा खरोखर उत्तम होता. पुढे तो एल्माने केला, मुलासकट.) माझ्यानंतर इथे हे नाव लावणारं कोणी नाही, हे मला पूर्वी नुसतं माहीत होतं. गेल्या वर्षीपासून ते टोचायला लागलं आहे.

टोचायला कारण एल्मा. तुला शहरात कल्पना नसेल, पण सध्या इथे कुलसंमेलनांची साथ आली आहे. जो उठतो तो पूर्वज कोणत्या जहाजाने आले ते शोधतो आणि तंबू ठोकतो. क्लेमिग मंडळींचं संमेलन झालं तेव्हा सहाशे माणसं जेवली. वंशवृक्ष छापलेले टॉवेल निघाले. आता एल्मा रोज सकाळी आपल्या खापरपणजोबांनी बशा पुसते. कुंपणापलीकडून मला म्हणाली, "टिली, तुझं बरंय बाई. तुला संमेलन करायचं झालं तर स्वयंपाकघरातलं टेबल पुरेल." मी हसले. मग घरात जाऊन दार आपटलं, आणि त्याच दुपारी चर्चचा हॉल ईस्टरनंतरच्या शनिवारी माझ्या नावावर लावून आले. फलकही स्वतः रंगवला: 'नॉयमान कुलसंमेलन. फक्त नॉयमान.' आता नॉयमान शोधणं तेवढं बाकी होतं.

टेलिफोनच्या पुस्तकात नॉयमान पुष्कळ आहेत, मर्व्हिन, पण कामाचे फार थोडे. सिडनीचा एक दंतवैद्य निघाला, मूळचा व्हिएन्नाचा, अतिशय गोड बोलणारा. त्याने आमचे पूर्वज त्याचे नव्हेत असं सांगितलं, पण माझ्या बोलण्यातली शिट्टी ऐकून डावीकडची दाढ काढून घ्या असा सल्ला दिला. (काढली. बरोबर होता.) माउंट गँबियरच्या बाईंना मी ज्ञानकोश विकतेय असं वाटलं. आणि क्वीन्सलंडचा नॉयमान तर फोनवरच गहिवरला. "येतो, येतो, मला कुणी आपलं म्हणून बोलावलंच नाही कधी," म्हणाला, आणि संमेलनाची वाट न बघता मोटार हाकत थेट माझ्या दारात हजर. सोबत घरच्या सॉसेजची पेटी. मी त्याला आपल्या योहान पणजोबांच्या थडग्यापाशी नेलं, तिथे टोपी काढून ढसाढसा रडला. चहाच्या वेळी कळलं की याचं खरं नाव डोहर्टी. आयरिश, वर कॅथलिक. तीस वर्षांपूर्वी त्याने 'नॉयमान अँड सन्स' नावाचं खाटकाचं दुकान विकत घेतलं, पाटी बदलली नाही, आणि गाव त्याला नॉयमान म्हणायला लागलं. मी म्हटलं, "अहो, मग रडलात कशाला?" तर म्हणतो, "बाई, तीस वर्षं या नावाला ओ देतोय. थोडा तरी मी त्यातला असेनच ना?" मी त्याला केक वाढला आणि वाटेला लावलं. सॉसेज मात्र ठेवून घेतली. ती अस्सल होती.

तरी मी हटले नाही. माणसं मिळत नाहीत तर निदान नावाचा उगम तरी एल्माच्या तोंडावर मारावा असं ठरवलं. आमचे वडील सांगायचे की आपला मूळपुरुष सरदार होता, लढाईत असा काही लढला की ड्यूकने मिठी मारून "हा तर नवाच माणूस!" असं म्हटलं, म्हणून नॉयमान. (दुसऱ्या ग्लासानंतर ड्यूकच्या जागी राजा यायचा. तिसऱ्यानंतर घोडाही बोलायचा.) याला कुणातरी जाणत्याचा दुजोरा हवा होता, आणि देवाने पाहुणी धाडली. पास्टरांकडे त्यांच्या आईची एक मैत्रीण राहायला आली, हांका शोल्ता नावाची, थेट पूर्व जर्मनीतून, बाउत्झेनच्या बाजूची. तिला कॉफीला बोलावलं. स्ट्रॉइसलचा केक केला, वरचा भुगा सढळ हाताने घातला. शेपू घालून मुरवलेल्या काकड्या काढल्या. सरदाराची गोष्ट ऐकवली. ती ऐकत होती, खात होती, पण ताकास तूर लावू देत नव्हती.

तेवढ्यात कोंबड्यांच्या दाण्याची वेळ झाली. मी मागच्या दारात जाऊन नेहमीसारखी हाक घातली: "पुय सेम, पुय सेम!" आजी अशीच घालायची, ती तिच्या सासूकडून शिकली. आम्हाला वाटायचं, ती कोंबड्यांची भाषा. लहानपणी तूही घालायचास, आठवतं? तर मर्व्हिन, कोंबड्यांच्या आधी पाहुणी आली. हातातला कप तसाच, ओठाला केकचा भुगा, लगबगीने येऊन माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "आले. काय हवंय?" मी म्हटलं, "तुम्हाला नाही हो, कोंबड्यांना." ती म्हणाली, "पण तुम्ही 'इकडे ये' म्हणालात. आमच्या भाषेत. माझी आई मला अशीच हाक मारायची." आणि तिच्या डोळ्यांत पाणी.

मला काही कळेना. ती म्हणाली, "तुम्ही जर्मन नाही हो. तुम्ही आमच्यातले. वेंड. जर्मनांच्या मुलखात राहणारे, पण भाषा वेगळी, नावं वेगळी." मी ताठ होऊन सांगितलं की आम्ही शंभर टक्के जर्मन आहोत, त्यासाठी आमच्या आजोबांनी कैद भोगली आहे. ती हसली. "आम्हीही तिकडे जर्मन साहेब दारात आला की हेच सांगायचो." मग तिने विचारलं, मूळ गाव कोणतं? मी थडग्यावर कोरलेलं गाव सांगितलं. ते निघालं तिच्या गावाशेजारचं. तिथे आजही एक नॉयमानांचं घर आहे, म्हणाली. दारावर पाटी नॉयमान. पण सगळं गाव म्हणतं, नोवाकांकडे जाऊन येतो. घरातलं नाव नोवाक, कचेरीतलं नॉयमान. जर्मन नाव लावलं की साहेबलोक जरा नीट वागवायचे, कामं लवकर व्हायची, म्हणून लोकांनी आपापल्या नावाचं भाषांतर करून घेतलं. जहाजात बसताना योहान पणजोबांनी कचेरीतलं नाव सोबत घेतलं असणार आणि घरातलं धक्क्यावर ठेवलं असणार.

मी शेवटचा किल्ला लढवला. म्हटलं, "बरं, नोवाक म्हणजे सरदारच ना?" तिने केकचा आणखी एक तुकडा घेतला. "नोवाक म्हणजे गावात नवा आलेला. घर नाही, शेत नाही, कुणाचा कोण माहीत नाही. उपरा."

पाहुणी गेल्यावर मी अंगणात बसून रडले. (कोंबड्या बघत होत्या.) सरदार गेला त्याचं काही नाही, तो निम्मा दारूचाच होता. पण गुस्ताव आजोबा? ज्या नावासाठी ते थंडीत खोकले, सख्ख्या भावाला दारातून हाकललं, ते नाव त्यांच्याच बापाने सोयीसाठी घेतलेलं होतं! ऑगस्टने रेल्वेपायी केलं तेच योहानने कचेरीपायी केलं होतं, आणि योहानला कुणी म्हटलं नाही की उद्या बाप बदलशील. मला आजोबांचा राग आला. मग त्यांची कीव आली. मग पुन्हा राग आला, तो तुझा, कारण तू इतकी वर्षं चुकीचा नव्हतास आणि तुला ते माहीतही नव्हतं. नोवाक काय, नॉयमान काय, न्यूमन काय, अर्थ तोच: नवा माणूस. आपण जिथे गेलो तिथे नवे, आणि प्रत्येक वेळी तिथल्या लोकांना जमेल असं नाव सांगून आत शिरलो. तुझ्या आजोबांनी नाव बदललं नाही, मर्व्हिन. घरची रीत चालवली.

एवढीच माहिती कळवायची होती. डल्सीस नमस्कार, लहानांस गोड पापा. गुडघ्याला गरम मिठाचा शेक द्यावा.

तुझी चुलत बहीण,
ओटिली नॉयमान

ता. क. वर समेटाबद्दल जे लिहिलं आहे ते मी रागात असताना लिहिलं. ते पान पुन्हा लिहायचा कंटाळा आला, म्हणून तसंच ठेवते. मुद्द्याचं असं की संमेलन ईस्टरनंतरच्या शनिवारी आहे, आणि येतो म्हणून कळवणारा आजवर एकच आहे: डोहर्टी. त्याला मी परवा स्वतः फोन करून बोलावलं. सॉसेज तोच आणणार आहे. फलकावरचं 'फक्त' मी खोडलं आहे. तू ये. डल्सीला आण, पोरं आण, पणती आण. चाळीसच्या चाळीस या.

ता. क. २. यात एल्माला दाखवून देणं वगैरे काही नाही. तरी मोटारी शक्यतो तिच्या कुंपणालगत लावाव्यात.

ता. क. ३. येणार असशील तर कळव, म्हणजे केक त्या बेताने करीन. येणार नसशील तर मात्र कळवू नकोस. खुर्च्या मी सगळ्यांच्या मांडणारच आहे, आणि रस्त्यावरची शेवटची मोटार वळणावर दिसेनाशी होईपर्यंत तुमची वाट बघत मला दारात उभं राहायचं आहे.