खालचा आवाज

मांय, दुपारपासून स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालते आहे. चणे उकडून झाले, खोबऱ्याच्या कातळ्या कापून झाल्या, तरी जीव थाऱ्यावर नाही. आज संध्याकाळी वाडीतल्या क्रुसापाशी आपल्या घरची लादीन आहे आणि ह्या वर्षी ती मला उचलायची आहे. प्रार्थनेत मी एकेका संताचं नाव गायचं, मागून सगळ्यांनी उत्तर द्यायचं, एवढंच काम. पण सकाळपासून कितीदा सुरुवात केली. तोंडातून माझा खालचा आवाजच निघतो. तो एकटा गायला की गाणं वाटत नाही, कुणीतरी दुखणं सांगत बसलंय असं वाटतं.

ह्याला जबाबदार तूच. ह्याच खिडकीशी मासळीतली सुंगटं सोलता सोलता तू घराला आवाज वाटून दिलेस, पानात वाढल्यासारखे. पप्पांना अगदी तळातला, कारण त्यांना दुसरा कुठला जमतच नव्हता. दादाला त्याच्या वरचा. मला तुझ्या लगेच खालचा. आणि वरचा, ज्याला गावाने चाल म्हणावं तो, तू स्वतःकडे ठेवलास. तो कुणाला म्हणून दिला नाहीस. देवळात पहिल्या बाकावर कडक इस्त्रीच्या साडीत तू गायचीस आणि पाद्रीसुद्धा तुझा सूर संपेपर्यंत थांबायचे. शेजारणींबरोबर मसुऱ्याच्या जत्रेला जायचीस, तिथूनही भजनातली पेटी बेसूर होती म्हणून कुरकुरत परत यायचीस. तुझ्या कानापुढे कुणाचं काही चालत नसे.

एकदाच मी वर गेले. चौदा-पंधराची असेन. क्रुसावर अबोलीचे हार, समईच्या वाती फडफडताहेत, आणि मला वाटतं की आज लोकांनी मला ऐकावं. मी तुझी चाल धरते. तू गाणं सोडत नाहीस, नुसती माझ्याकडे बघतेस. घरी आल्यावर मात्र चण्यांचं भांडं खाली ठेवायच्या आधी म्हणालीस, "वर खंय जातंस गो? सगळीच वर गेली तर खाली धरतलो कोण?" मला तुझा इतका राग आला की रात्री जेवले नाही. आजही येतो. गाणाऱ्या आईची मुलगी आणि मला आयुष्यभर आधाराला लावलंस.

तू गेलीस त्यानंतर इतकी वर्षं फिडलवाल्या मास्तरांनी तुझी चाल तारांवर वाजवली आणि मी तिच्याखाली गात राहिले. तुझी जागा तशी रिकामीच, पण भरलेली दिसायची. ह्या वर्षी मास्तर येऊन ओटीवर बसले, हात मांडीखाली दडपून. म्हणाले, "बाय, बोटां ऐकनत नाय आता. तूच उचल. आवशीची चाल तुका येता मां?" मी मान डोलावली. येत नाही म्हणायला जीभ रेटली नाही. वहिनी म्हणते, मोबाइलवर रेकॉर्ड केलेली लादीन लावू, स्पीकर आहे घरात. दादाचंही तेच. मी नको म्हणून बसले आहे, आणि हट्ट केलाय तर निभावायला नको का?

तर मघाशी पुन्हा खालचाच आवाज सुरू केला. चिडून, मोठ्याने. आणि मांय, कुंपणापलीकडून वरचा आला. शब्द नाहीत, नुसती चाल, पण तू जिथे श्वास घ्यायचीस तिथेच श्वास घेत. माझा खालचा आवाज एकाएकी गाणं झाला. शेजारच्या काकी तांदूळ पाखडत होत्या. त्या कधी आपल्या देवळात आल्या नाहीत, क्रुसाला लांबून हात जोडतात तेवढंच. पण तुझ्या तालमी त्यांच्या अंगणात रोज ऐकू जायच्या. मला बाई खाली बांधून ठेवलंस आणि स्वतःची चाल साऱ्या वाडीत सांडून गेलीस.

संध्याकाळी मी माझ्याच आवाजात सुरुवात करणार आहे. काकींना सोबत यायला सांगितलंय, त्या वेणी माळताहेत. मास्तर येऊन बसलेत. हा कागद आता चण्यांच्या टोपाखाली सरकवते, आणि तुला सांगायचं राहिलंय ते एवढंच. पलीकडून तो सूर आला तेव्हा काकी मला आठवल्याच नाहीत. मी हातातलं काम टाकून परसात धावले आणि मोठ्याने हाक मारली, मांय म्हणून. कुंपणामागून काकी म्हणाल्या, "काय गो बाय?" आणि हाक तुम्हाला नव्हती, हे मला त्यांना सांगवलं नाही.