खंडेनवमीसाठी उकळलेलं यीस्ट

मंगळ. ६ ऑक्टो. १९८१
दुपारी ३.४०. कॉलेजच्या प्रयोगशाळेत माझं यीस्ट मारलं. उद्या खंडेनवमी, उपकरणांची पूजा, म्हणून साफसफाई. विभागप्रमुख सुधाकर (माझाच विद्यार्थी!) म्हणतो, "मॅडम, नळ्या गढूळ होत्या, वासही मारत होत्या. वाटलं, नासलंय." म्हणून सगळ्या उकळून घासल्या. गढूळ नाही ते यीस्ट कसलं, गाढवा? बोलले. मोठ्याने.

सुरगाण्याच्या मोहफुलांवरचं रानातलं यीस्ट. बाजारचं एप्रिलच्या उकाड्यात मान टाकतं, हे साखरेचा अल्कोहोल करतच राहतं. निवृत्तीनंतरची सगळी वर्षं यातच. त्या अल्कोहोलवर बागेतल्या पंपाचं इंजिन चालवून दाखवणार होते. आता...

बुध. ७
पूजेला गेले. माझ्या रिकाम्या, लखलखीत चंबूला हळदकुंकू, वर झेंडूची माळ. पेढा घेतला नाही. कॉन्व्हेंटात सिस्टर सांगायच्या, राग आला की दहापर्यंत मोज. मोजून पाहिलं. सिस्टरना सुधाकर भेटला नव्हता.

गुरु. ८, दसरा
सुधाकर आपट्याची पानं घेऊन दारात. "मॅडम, सोनं घ्या."
"सोनं तू मोरीत ओतलंस."
पानं पुढे धरून उभाच. डोळे भरलेले. शेवटी आत घेतलं, चहा टाकला. चहा पिताना तोच म्हणाला, "कॉलेजच्या कोठीत सुरगाण्याच्या मोहफुलांचं पोतं आहे अजून." वाळल्या फुलांवर यीस्ट तग धरू शकतं. तेच सापडेल याची खात्री नाही. पण कोठीला प्राचार्यांचं कुलूप, आणि दिवाळीच्या सुट्टीत वाळवीसाठी आत विषारी धुरी देणार. मग फुलांवर काहीच जिवंत उरणार नाही.

सोम. १२
प्राचार्य: "बाई, मोहफुलं म्हणजे दारू. कॉलेजची अब्रू आहे. या वयात भट्टी कशाला?"
मी: "इंजिनाला पाजायचीय. तुम्हाला नाही."
शिपायाला ठसका लागला. प्राचार्य म्हणाले, अर्ज द्या, बघू. 'बघू' म्हणजे धुरीनंतर.

मंगळ. १३
अर्ज दिला. सुधाकरने माझ्या सहीखाली आपली केली. मी सांगितलं नव्हतं. त्याची नोकरी आहे अजून. अर्जाचा शेवट इथे उतरवून ठेवते:

"पोतं धुरीआधी आमच्या स्वाधीन करावं, नाहीतर नकाराचं कारण सहीशिक्क्यानिशी लिहून द्यावं. तोंडी उत्तर, निरोप, 'बघू' चालणार नाही. मुदत शनिवार, १७ ऑक्टोबर, सायंकाळी ५. तोवर मी कोठीच्या दारापाशी बसून आहे. खुर्ची घरून आणीन."