उशी घेऊन चाळीस मिनिटांचा विमानप्रवास

ती. ताईस,

आधी तुझ्या गुडघ्यांना आणि मग तुला नमस्कार (मागच्या पत्रात तीन पानं गुडघ्यांची होती, तू स्वतः जेमतेम दोन ओळींत उरकली होतीस). मी ठीक. चष्म्याचं दुकान चालू आहे. लोकांना दिसेनासं होतंय तोवर मला काळजी नाही.

तर घडलं ते असं. पोरीचा फोन आला, ऑफिसच्या कामाला जाताना ती आमच्या विमानतळावर विमान बदलणार, पण बाहेर येऊन परत आत जाण्याइतका वेळ नाही. ती नेहमी म्हणते, "बाबा, आपल्यात नऊच तासांचं अंतर आहे." (हे नऊ तास नुसत्या विमानाचे. तिची रजा, तिचा साहेब आणि नातवाच्या परीक्षा धरल्या तर अंतर चार वर्षांचं पडतं.) म्हटलं, ती बाहेर येत नाही तर आपण आत जाऊ. आत जायला तिकीट लागतं, म्हणून सगळ्यांत स्वस्त तिकीट काढलं. चाळीस मिनिटांवरच्या कुठल्याशा शहराचं. जायचं नव्हतंच. सोबत तिची उशी घेतली, लग्नाआधी जिच्याशिवाय तिला झोप येत नसे ती.

तपासणीवाल्याने विचारलं, "यात काय आहे?" म्हटलं, "कापूस." "आणि?" "आणखी थोडा कापूस." त्याने ती तीनदा यंत्रातून काढली. इतक्या बारकाईने डॉक्टरनेही मला कधी तपासलं नाही.

तिचं विमान उशिरा आलं. हाताशी अर्धा तास उरला, त्यातला बराचसा तिच्या साहेबाने फोनवर खाल्ला. वाळलीय गं. चष्मा नाकावरून घसरत होता (दुसऱ्या कुणाच्या दुकानातला!), त्याची दांडी मी हातानेच वाकवून बसवून दिली. तिने माझ्याकडे पाहिलं.

"बाबा, तुम्ही माझ्यासाठी तिकीट काढलंत?"

"छे गं! धंद्याच्या कामाने निघालोय. फ्रेमा बघायला."

"उशी घेऊन?"

"मानेला लागते."

तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. "बरं झालं बाबा, फिरताय ते. तुम्ही घरात एकटेच बसून असता असं मनात येतं आणि मग मला झोप लागत नाही."

यानंतर ती उशी तिला कोणत्या तोंडाने देणार? मांडीवर घेऊन बसून राहिलो. ती गेली, वळून दोनदा हात केला. मग माझ्या विमानाची घोषणा झाली, रांग हलली, मागच्यांचा रेटा आला आणि मी आत जाऊन पडलो. पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडेपर्यंत विमान उतरायला लागलं. परतीला मात्र बसने अख्खा दिवस. शेजारच्या बाईंनी उशीकडे बघून हळूच विचारलं, "दवाखान्यात कोण आहे?" कुणी नाही म्हटलं, तर त्यांना वाईटच वाटलं.

असो. प्रकृतीस जप.

तुझा,
धाकटा

ता. क. रेटा वगैरे काही नव्हता. मी घरी परत निघालो होतो. दाराशी उभ्या असलेल्या मुलीने हाक मारली, "काका, येताय ना? तुमच्यासाठीच थांबलोय." आमची ही गेल्यापासून माझ्यासाठी कुणी थांबलं नव्हतं.

आणखी ता. क. तुझ्या गावाला विमान जात नाही, चौकशी केली. बसने महिनाभर आलो तर चालेल का? नुसतं 'ये' एवढंच लिही. आणि पोरीने फोन केला तर सांग, कामाने आलाय, फार गडबडीत आहे.