चिंचेच्या जागी सफरचंद

नाशिक, रविवार, संध्याकाळी साडेसात

डोकं अजून तापलेलं आहे. सोसायटीच्या मीटिंगमध्ये बिल्डिंगचं नाव 'ॲपलटन हाइट्स' ठरलं. विरोधात मी एकटाच.

इतकी वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, म्हणून समजावून सांगायला गेलो. म्हटलं, ॲपलटन म्हणजे काही राजवाडा नाही. जुन्या इंग्रजीत 'टन' म्हणजे कुंपण घातलेली वाडी. म्हणजे सफरचंदाची वाडी, बस्स! तिकडच्या शेतकऱ्यांनी आपल्या झाडावरून नाव ठेवलं, तर आपणही ठेवू. या जमिनीला गाव अजून 'चिंचेचं वावर' म्हणतं. सेक्रेटरी हसले. "सर, वावरात फ्लॅट कोण घेईल?"

त्यांचं सोडा. राग आला तो तात्यांचा. जमीन त्यांचीच. बिल्डरला दिली, बदल्यात इथेच दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट मिळाला. आणि ॲपलटनसाठी पहिला हात वर कुणाचा? तात्यांचा. मग मी भांडत तरी कुणासाठी होतो?

जिन्यात गाठलंच त्यांना. "तात्या, तुम्ही कसा काय हात वर केलात?"

ते कठड्याला धरून थांबले. "सर, ती चिंच माझ्या बापानं लावलेली. तोडली तव्हा मी इथंच उभा व्हतो. आता रोज गेटवर तिचं नाव वाचून घरात शिरू का?"

सफरचंदाचा अर्थ मी सगळ्यांना सांगत सुटलो. चिंचेबद्दल तात्यांना एका शब्दानं विचारलं नाही. आणि त्यांच्या त्या वर गेलेल्या हाताकडे बघून चरफडत बसलो.