चौथीची हजेरी

२ मे
आले एकदाची. सुटीभर शाळेच्या जुन्या वह्या लावायचं काम, राहायला जिन्याखालची खोली. इमारत देखणी आहे. दगडी कमानी, हातभर जाड भिंती. पायऱ्या मुलांच्या पायांनी मधोमध झिजून द्रोणासारख्या झाल्यात. हे याच शाळेत शिकले. त्याच खळग्यात पाय ठेवून वर गेले, बरं वाटलं.

४ मे
वरचा जिना थेट भिंतीला जाऊन थांबतो. शिपाईकाका म्हणाले, तिथे चौथीचा वर्ग होता. हजेरी चालू असताना छत कोसळलं, मग दारच चिणून टाकलं. मला ठाऊक होतं. यांना त्या दिवशी ताप होता, म्हणून वाचले. जन्मभर म्हणायचे, "आमची तेवढी हजेरी लागायची राहिली."
त्या वर्गाची हजेरीची वही सापडली तर मोठ्यानं वाचू नका, असंही काका म्हणाले. हसूच आलं. मला मनातल्या मनात वाचताच येत नाही. लग्नानंतर यांनी अक्षरं शिकवली ती मोठ्यानं म्हणायला लावून. परीक्षेला बसवलं नाही एवढंच.

७ मे
वही सापडली. भर दुपारी त्या जिन्यावर बसून वाचायला घेतली. पहिलं नाव घेतलं आणि भिंतीआडून कुणीतरी म्हणालं, "हजर." वाटलं, पारवे घुमत असतील. दुसऱ्या नावालाही तेच. बारीक, पोराचा आवाज. वही मिटून खाली पळाले.

८ मे
काका म्हणाले, बाई, घरी जा. तुमचं नाव पुकारलं तर ओ देऊ नका.
घरी कोण आहे?
अठरा नंबरला यांचं नाव, पुढे गैरहजेरीची खूण. आज तिथवर वाचलं. यांच्या नावाला उत्तर आलं नाही. फार रडले.

९ मे
पुन्हा घेतलं नाव.
"हजर."
पोराचा नाही. यांचाच आवाज, शेवटच्या दुखण्यातला, घोगरा. वहीतली खूण खोडलेली आहे. मी नाही खोडली.

१० मे
काका आले नाहीत. भिंतीआड सकाळपासून बाक सरकवतात. यांच्या नावाखाली एकोणीस नंबर, शाई ओली — माझं नाव. कागदपत्रांतलं नाही. हे घरात हाक मारायचे ते.

११ मे
आज वही मिटलेली आहे. गुरुजी आतून हजेरी घेतायत. सोळा — सतरा — हे म्हणाले, हजर. मग बाक करकरला. सरकून जागा केली यांनी —
मी कधी शाळेत बसलेच नाही —
माझं नाव घेतलं. गप्प राहिले.
दुसऱ्यांदा — यांच्याच आवाजात —
ह—